जावळ पुरं होईपर्यंत

“दबकत चालू नगा, पाव्हणं,” तात्याबा म्हणाले. “असं दबकत चाललासा तर गावची कुत्रीबी मागं लागतील.”

मी अंगणाच्या मधोमध थांबलो. गुडघे वाकवलेले, डोळे बारीक केलेले, एक पाय पुढं टाकायच्या बेतात. कोल्हापुरात आरशासमोर महिनाभर घोटलेली चाल होती ती आणि माझी मलाच फार आवडत होती.

“मग कसं चालायचं? फरारी माणसाच्या मागावर आहे ना मी?”

“हाईसा की. पर त्येला कशाला सांगताय?”

तात्याबा बाजेवरून उठले. सत्तरीला टेकलेला माणूस, कमरेत किंचित वाकलेला, छातीपर्यंत पांढरी दाढी. खुंटीवरची रिकामी पिशवी त्यांनी काखेत मारली आणि माझ्या शेजारून सरळ फाटकापर्यंत गेले. दुकानातून मीठ आणायला निघालेला म्हातारा, याहून जास्त काही मला दिसलं नाही. फाटकापाशी वळून ते म्हणाले, “आत्ता म्या तुमच्या मागावर हुतो.”

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. पिशवी घेऊन चालणारा शिकारी पडद्यावर बघायला कोण येणार होतं?

साल एकाहत्तर. मी एकोणतीस वर्षांचा होतो. तोवर सात चित्रपट केले होते. चारात नायकाचा मित्र, दोनात हवालदार आणि एकात तर नुसतं प्रेत. मग दिग्दर्शक अण्णा पेठकरांनी मला बोलावून सांगितलं, “रंगराव इंगवले, ‘बोरीच्या घाटात’ काढतोय. तात्याबा तू.” त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला आता लाज कसली.

तात्याबा बुरुंगले हे नाव आमच्या भागात पोरासोरांना ठाऊक होतं. संस्थानी काळात कुणी गुन्हा करून पळाला की दवंडी पिटायची, त्याच्या डोक्यावर बक्षीस लागायचं, आणि तात्याबा त्याला धरून आणायचे. तोच त्यांचा धंदा. सगळ्यांत मोठं बक्षीस होतं म्हादू खामकरावर. सावकाराचा खून करून तो तीन वर्षं डोंगरात होता. तात्याबांनी त्याला एकट्यानं बोरीच्या घाटात गाठला, दोघांची झटापट झाली, म्हादू पाया पडून जीव मागू लागला, दया येऊन तात्याबांनी पकड सैल केली तर पळत सुटला, आणि फौजदाराच्या गोळीनं पडला. असा त्याचा पोवाडा होता. जत्रेत सोंग निघायचं. म्हादू झालेला माणूस गुडघ्यावर बसून हात जोडायचा आणि पोरं खिदळून हसायची.

चाल शिकून ये, माणूस बघून ये, म्हणून अण्णांनी मला आठ दिवस कोंडोलीला तात्याबांच्या घरी धाडलं होतं. बायको वारलेली, लेक लांब दिलेली. म्हातारा एकटाच राहायचा. स्वतः भाकरी थापायचा आणि मला आग्रह करकरून वाढायचा.

शिकवणीत मात्र माझं मन लागेना. मला उडी पाहिजे होती, दोर फेकणं पाहिजे होतं, कड्यावर लोंबकळणं पाहिजे होतं. तात्याबा सांगायचे बसण्याबद्दल.

“सोळा मानसं धरली म्या. त्यातली चौदा बसून धरली.”

“बसून म्हणजे?”

“हिरीवर बसायचं. लग्नात भायल्या पंगतीला बसायचं. कुनाची आई आजारी हाय, कुनाची भन बाळंत झालीया, ते कानांवर घ्यायचं. मानूस गाव सोडतो, शेत सोडतो. पर घरात कार्य निघालं की त्येच्या जिवाला थारा नसतो. येतोच.”

“आणि मग झडप घालायची?”

“झडप कशाला? रामराम घालायचा. एकटा हाय म्हनल्यावर निम्मी तर आपनच उठत्यात. दमलेली आसत्यात वो.”

मी वहीत काही लिहिलं नाही. दमलेल्या माणसाला रामराम घालणारा नायक मला नको होता.

पाचव्या दिवशी सकाळी मी अंगणात आरसा टेकवून दाढी करत होतो. तात्याबा दूध घेऊन बाहेर आले आणि माझ्या हातातला वस्तरा बघून तिथंच वळले, घरामागं निघून गेले. आधीचे चार दिवसही, माझं दाढीचं सामान निघालं की म्हातारा नाहीसा व्हायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी तोंड पुसून त्यांच्यामागं गेलो. ते गोठ्याच्या दगडावर बसले होते.

“तात्याबा, तुम्हांला वस्तऱ्याचं भ्या आहे काय?” मी चेष्टेनंच विचारलं.

“हाय,” ते म्हणाले.

हातातलं दूध त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाले, “म्हादूला म्या झटापटीत धरला न्हाय, पाव्हणं. त्येच्या भाच्याचं जावळ काढताना धरला.”

मी शेजारच्या पेंढीवर बसलो.

म्हादूची बहीण हौसा, खोपडेवाडीला दिलेली. तिला मुलगा झाला. वर्ष उलटलं तरी त्याचं जावळ निघेना. जावळ काढायचं म्हणजे मूल मामाच्या मांडीवर बसवावं लागतं आणि मामा डोंगरात. गावातल्या बायकांनी सुचवून पाहिलं, एखादा चुलत मामा बसवा. हौसानं ऐकलं नाही. तात्याबांनी ही गोष्ट पाणवठ्यावर ऐकली आणि ते समजून चुकले, की हे जावळ गावात निघणार नाही, वर डोंगरात निनाईदेवीच्या ठाण्यावर निघेल. त्यांनी खोपडेवाडीच्या न्हाव्याला गाठलं. त्याला दम भरला, ठरल्या दिवशी अंथरूण धरायला लावलं आणि त्याचा लांबचा पाहुणा म्हणून स्वतः त्याची हत्यारांची धोकटी उचलली. हौसानं त्यांना कधी बघितलं नव्हतं. फौजदार चार माणसं घेऊन खाली घाटात बसला.

“वर तिघंच हुतो, चौथं लेकरू,” तात्याबा म्हणाले. “म्हादू पोराला मांडीवर घिऊन बसला. बाजूला बंदूक. पोरगं त्येची मिशी वढायचं आन त्यो हसायचा. म्या पानी लावलं, वस्तरा काढला आन पुढनं सुरू केलं. आन चुकलो.”

“काय चुकलं?”

“पानी कमी लावलं. न्हाव्याचा हात असता तर घटकाभर नुस्तं पानी चोळलं असतं. लेकराची टाळू, केस वल्लं हून मऊ पडाय पायजेत. माजं सगळं ध्यान त्या बंदुकीवर. पोरगं कळवळलं. म्हादूनं माज्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. अर्धं डोकं झालं हुतं. हळूच म्हनला, ‘अजून पानी लाव. न्हाव्याला हे सांगावं लागत न्हाय.’”

तात्याबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते आणि ते त्या हातांकडेच बघत होते.

“त्येनं वळखलं. बंदूक हाताला लागत हुती. म्या हुतो एकटा आन हातात वस्तरा, तोबी लेकराच्या डोस्क्यावर. इचारलं, ‘खाली किती हायती?’ म्हनलं, पाच. तवा हौसा चूल मांडत हुती, तिला आयकू जाऊ ने म्हनून बारीक आवाजात म्हनला, ‘सुरू केलंयस तर पुरं कर. अर्धं जावळ ठिवून उठू नये. कापू नगंस माज्या भाच्याला. मग येतो तुज्यासंगं. माजी भन आन पोरगं ह्यांना कुनी हात लावायचा न्हाय, आन मला जित्ता कचेरीत न्ह्यायचा. शब्द दे.’ म्या दिला.”

“आणि मग?”

“मग काय. म्या पानी लावलं. हात असा कापाय लागला की सांगता सोय न्हाय. त्योच म्हनायचा, ‘दमानं. दमानं.’ सगळं डोस्कं हुईस्तवर त्येनं मांडी हलवली न्हाय, पाव्हणं. पोराला हौसाकडं दिलं, तिला सांगितलं कोन हाय ह्यो, आन माज्यापुढं घाट उतराय लागला. दोर लावला न्हवता. शब्दाला शब्द हुता.”

खाली घाटात फौजदारानं म्हादूला बघितलं, जवळ येऊ दिलं आणि गोळी घातली. जिवंत नेला असता तर त्यानं कचेरीत कुणाकुणाची नावं घेतली असती, हे तात्याबांना पुढं कळलं. फौजदार म्हणाला, हात जोडत होता आणि मग पळाला, असं सांगायचं. तात्याबांनी तसं सांगितलं. एकदा सांगितलं, बक्षीस झालं, दरबारात पागोटं मिळालं, पोवाडा झाला. मग ते सांगतच राहिले.

“हौसा सत्तावीस वर्सं वरडून सांगती, माजा भाऊ कुनाच्या पाया पडला न्हाय, पोराचं डोस्कं पुरं करून सोताच्या पायानं गेला. कोन आयकतंय? बगनारी ती एकली. दुसरा म्या. तिच्या पोराला, सर्जेरावाला, गाव भित्र्याचा भाचा म्हनतं. सोयरिकी मोडल्या त्येच्या.”

“मग तुम्ही सांगा ना तिच्या बाजूनं.”

“सांगू वाटतं. बाजाराची वाट तिच्या दारावरनं हाय. दर सोमवारी तिथवर गेलो की जीभ उचलत न्हाय. आन आता सांगून तरी कोन मानंल? म्हातारा चळला म्हनतील. लोक पोवाडा मानत्यात. आता सिनेमा मानतील.” त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात खरखरीत आणि गार होता. “मला काय दावायचं ते दावा. दगलबाज दावा, बेइमान दावा. पर त्येनं पोराचं डोस्कं हुईस्तवर मांडी हलवली न्हाय, एवढं तुमच्या सिनेमात येऊ द्या. शब्द द्या.”

मी त्यांच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला. नट होतो, तरी ते खरं होतं. “शब्द,” मी म्हणालो.

कोल्हापूरला परत गेल्या गेल्या मी अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा ऐकताना सिगरेट ओढायचे विसरले. राख धोतरावर पडली.

“आयला,” ते म्हणाले. “रंगा, हा सीन मिळाला तर माणूस सिनेमा कशाला काढतो हे कळेल लोकांना. घेऊ आपण. शेवटची रिळं बदलावी लागतील, बदलू.” मग त्यांनी डोळे मिटून सगळा प्रसंग मनात लावून पाहिला आणि डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. “फक्त एक आहे. मग हा सिनेमा म्हादूचा झाला. म्हणजे म्हादूचं काम करणाऱ्या जयसिंगचा. तो मांडीवर मूल घेऊन बसणार आणि तू वस्तरा धरून थरथरणार. बाया रडत बाहेर येतील, त्याच्यासाठी. तुला शिव्या देतील. पोस्टरवर तोंड त्याचं येईल.”

मी त्यांच्या धोतरावरची राख बघत राहिलो.

“नायक म्हणून तुझा पहिला सिनेमा आहे. मी तुझ्यावर लादणार नाही. मनापासून करणार असशील तरच त्यात जीव येईल. उद्या सकाळी सांग.”

लोक सांगतात, वरच्यांनी केलं, मालकांनी केलं. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं. अण्णांनी मला संध्याकाळ दिली, रात्र दिली. त्या रात्री मी खोलीत एकटा बसून जयसिंगचं तोंड पोस्टरवर बघत होतो. नायक व्हायला मी सात वर्षं स्टुडिओच्या पायऱ्या झिजवल्या होत्या आणि आता न्हावी होऊन घरी जायचं होतं. सकाळी मी अण्णांना सांगितलं, “झटापटच ठेवू. लोकांना तेच माहीत आहे.”

अण्णांनी मान डोलावली. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहायचं टाळलंच.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. घाटात शूटिंग सुरू झालं. जयसिंग गुडघ्यावर बसून हात जोडत होता पण त्याचं बोलणं अण्णांना पुचाट वाटत होतं. “जीव वाचव, जीव वाचव, हे काय? काहीतरी नेमकं पाहिजे. असं काहीतरी मागायला पाहिजे, की प्रेक्षक हसला पाहिजे.” आणि मी, नट म्हणून, हुशारी म्हणून, सहज म्हणून, पुढं होऊन म्हणालो, “भाच्याचं जावळ काढायचंय, तेवढं सोड, असं म्हणू दे त्याला.”

अण्णांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग म्हणाले, “घ्या.”

पहिल्याच टेकमध्ये लाइटवाला खो खो हसला. सीन जमला होता.

चित्रपट तयार झाला तेव्हा तात्याबांचं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ‘ठरल्याप्रमाणे झाले काय? झाले असल्यास मी हौसाबाईस घेऊन तालुक्याला येतो.’ मी दोन दिवस ते कार्ड खिशात घेऊन हिंडलो. मग उत्तर लिहिलं, ‘चित्रपट उत्तम झाला आहे. आपण जरूर पाहावा.’ त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी तेव्हा स्वतःची अशीच समजूत घालत असे.

तालुक्याच्या टॉकीजमध्ये पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या खेळाला आम्हां नटांना बोलावलं होतं. रस्त्यावर बैलगाड्या, सायकली, ही गर्दी. माझ्या गळ्यात झेंडूचा हार. पोरं माझ्यापुढं दबकत चालून दाखवत होती, कारण पोस्टरवर मी तसाच होतो. दाराशी मॅनेजरशी बोलत उभा होतो तर गर्दीतून तात्याबा आले. स्वच्छ धोतर, दरबारातलं ते पागोटं. त्यांच्यामागं इरकली लुगड्यातली एक उंच म्हातारी आणि तिशीच्या आतला, खाली मान घातलेला माणूस. मला कुणी सांगावं लागलं नाही.

हौसाक्का माझ्यापुढं उभी राहिली आणि मला निरखून बघू लागली.

“तूच का रं त्यो?” ती म्हणाली. “ह्यो सत्तावीस वर्सांनी माज्या दारात आला. म्या मुसळ घिऊन धावले हुते अंगावर. म्हनला, मार, पर आधी चल, पडद्यावर खरं दावत्यात. म्या म्हनलं, कोन दावतंय? म्हनला, एक पोरगा हाय, शब्दाचा पक्का.” तिचा आवाज चिरकला. “माज्या म्हादूला उजळ केलंस, लेकरा.” आणि तिनं दोन्ही हातांनी माझ्यावरून उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

तेव्हा सांगता आलं असतं. आक्का, जाऊ नका आत, असं चार शब्दांत झालं असतं. मॅनेजर म्हणाला, “चला, घंटा झाली.” आणि मी आत गेलो.

शेवटच्या रिळापर्यंत मी पडद्याकडं बघितलं नाही. पुढच्या ओळीत, डाव्या हाताला तात्याबांचं पागोटं दिसत होतं, त्याच्याशेजारी पदर घेतलेलं डोकं. घाट आला. मी कड्यावरून उडी घेतली, शिट्ट्या पडल्या. जयसिंग गुडघ्यावर बसला. हात जोडून, रडवेला होऊन म्हणाला, भाच्याचं जावळ काढायचंय, तेवढं सोड. सगळं थिएटर हसलं. माझ्यामागचा माणूस तर खुर्चीवर हात आपटून हसला. पदराचं ते डोकं हललं नाही.

दिवे लागले. लोक माझ्याकडं लोटले. त्या गलक्यातही तिचा आवाज मला ऐकू आला.

“सत्तावीस वर्सं तुज्या तोंडानं ऐकलं ते थोडं हुतं व्हय, बुरुंगल्या? म्हनून दावाया आनलास? पोरासंगं?”

तात्याबांनी मान वळवून मला शोधलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. आपण चुकीच्या गाडीत बसलो की काय, असं विचारणाऱ्या म्हाताऱ्यासारखे ते बघत होते. हौसाक्का लेकाचा दंड धरून दाराकडं निघाली.

आणि तात्याबा पडद्यापुढच्या कट्ट्यावर चढले.

“ऐका!” ते ओरडले. “ह्ये खोटं हाय! म्या तात्याबा बुरुंगले. म्हादू पाया पडला न्हाय. म्या न्हावी हून गेलतो. त्येनं पोराचं डोस्कं—”

“ए म्हाताऱ्या, उतर खाली!”

“तात्याबा बुरुंगले तर हितं हाईत!” कुणीतरी माझ्याकडं बोट केलं आणि लोक पुन्हा हसले. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी भुईमुगाची टरफलं फेकली. म्हातारा हात वर करून बोलतच होता. न्हावी, पाणी, मांडी, असे तुटक शब्द मला येत होते. मॅनेजर लगबगीनं माझ्याजवळ आला.

“रंगराव, तुमच्या ओळखीचे आहेत का हे? का गडबड करतायत?”

मी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. हार गळ्यात होता. शंभर तोंडं माझ्याकडं वळली होती आणि त्या सगळ्यांना मी तात्याबा म्हणून पाहिजे होतो.

“नाही,” मी म्हणालो.

कट्टा लांब नव्हता. तात्याबांनी ऐकलं. बोलणं मध्येच थांबवून त्यांनी वर केलेला हात खाली घेतला. पागोटं सारखं केलं आणि पायरी शोधू लागले. पायरी त्यांना सापडेना. तेव्हा गर्दीला उलट रेटत दाराकडून हौसाक्का आली. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या सगळ्या थिएटरात तिला एकटीलाच ते खरं वाटलं होतं. तिनं त्यांचा हात धरून खाली उतरवलं आणि तिघं माझ्या शेजारून बाहेर गेले. तात्याबांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, रागानं.

चित्रपट अकरा आठवडे चालला. पुढं मला बरी कामं मिळाली. लग्नकार्यात लोक अजून ती दबकी चाल करून दाखवायला लावतात आणि मी दाखवतो.

खोपडेवाडीला जायला मला नऊ वर्षं लागली. तोवर तात्याबा वारले होते. हौसाक्का ओसरीवर बसली होती, दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले. चूल आतून धुमसत होती, सुनेचा आणि लहान मुलाचा आवाज येत होता. सर्जेरावाचं लग्न झालं होतं तर.

“कोन हाय?”

“रंगराव इंगवले. सिनेमातला.”

तिनं तोंड फिरवलं. मी माघारी फिरायच्या बेतात होतो. मग तिनं आत हाक मारली, “पावन्याला गूळपानी दे गं.”

मी बसलो. पाणी प्यालो. तीच बोलू लागली. त्या दिवसापासून दर सोमवारी तात्याबा तिच्या ओसरीवर येऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जावळाची हकीकत सांगायचे. पहिली दोन वर्षं लोक हसले. मग हसेनासे झाले. मग एक सोयरीक जमली. नातवाचं जावळ निघालं तेव्हा न्हाव्याला बाजूला सारून तात्याबांनी स्वतः पाणी लावलं. “घटकाभर चोळत बसला. न्हावी कटाळला, पर त्यो उठंना.”

“आक्का,” मी म्हणालो, “मी तुम्हांला सांगायला आलोय—”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “तात्याबा सांगायचा. तुजं नाव निघालं की म्हनायचा, पोरगा शब्दाचा पक्का हुता, वरच्या मालकांनी मोडाया लावला. पोट आसतंय मानसाला. टाकीजमदी त्येनं मला वळख दिली न्हाय ते बरं केलं, दिली आसती तर त्येची भाकर गेली आसती.” तिनं आवाजाच्या रोखानं माझ्याकडं तोंड केलं. “मरस्तवर हेच म्हनायचा. आसंच झालं न्हवं?”

ती उत्तराची वाट बघत होती. त्यासाठीच मी आलो होतो. वाटेत एसटीत तीनदा मनाशी म्हणून बघितलं होतं, की अण्णांनी मला विचारलं होतं, मीच नको म्हणालो, ते जावळाचं वाक्यही माझंच.

“व्हय, आक्का,” मी म्हणालो. “असंच झालं.”

“झालं तर मग,” ती म्हणाली. तिनं हात पुढं करून चाचपडत माझं तोंड शोधलं, दोन्ही हातांनी माझ्यावरून उतरवलं आणि कानशिलांवर बोटं मोडली.